हेमकुंड आधी की फुलांची दरी?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्याचा सारांश असा : "मी ५४ वर्षांची आहे. यजमान ५८ वर्षांचे असून त्यांना गेली सात वर्षे रक्तदाबाची गोळी सुरू आहे. आम्ही दोघे, पुण्यात नोकरी करणारी आमची मुलगी आणि १३ वर्षांचा भाचा असे चौघे येत्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान पाहायला जाणार आहोत. यजमानांना आणि मुलीला सहा दिवसांची रजा मिळते. मुलीच्या बेतात दरीजवळच्या घांघरिया या मुक्कामाच्या गावी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी हेमकुंड साहिब, म्हणजे उंचावरच्या सरोवराकाठचा गुरुद्वारा, आणि तिसऱ्या दिवशी दरी आहे. अवघड चढ आधी उरकला की दरी निवांत पाहता येईल, असे तिचे म्हणणे. यजमान रोज सकाळी रिजनल पार्कमध्ये सहा किलोमीटर चालतात, त्यामुळे त्यांना काळजी वाटत नाही, मला वाटते. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी सगळ्यांनीच घ्यावी असे शेजारी सांगतात, ते बरोबर आहे का? कोणता आठवडा धरावा? गणपती बसायच्या आधी आम्हाला घरी परतायचे आहे. आणि सासूबाईंनी तिकडून एक ब्रह्मकमळ आणायला सांगितले आहे."

प्रिय भगिनी,

आपल्या मुलीने अंतरे, गाड्या आणि मुक्काम यांचा नीट विचार केला आहे, हे पत्रासोबतच्या तिच्या कागदावरून दिसते. तरीही त्यातील एक गोष्ट मी आपल्याला आग्रहाने बदलायला सांगणार आहे, आणि ती म्हणजे दिवसांचा क्रम. आधी दरी पाहा, हेमकुंड त्यानंतर ठेवा. आणि रजेत आणखी एका दिवसाची भर पडत नसेल, तर हेमकुंड या खेपेस आजच बेतातून काढून टाका.

याचे कारण उंचीत आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर वसलेले आहे. जोशीमठ, ज्याला आता ज्योतिर्मठ म्हणतात, ते साधारण १,८९० मीटरवर आहे. पायवाट जिथून सुरू होते ते गोविंदघाट त्याहून किंचित खाली, सुमारे १,८३० मीटरवर. घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास. दरीतील वाट साडेतीन हजार मीटरच्या जवळपास. आणि हेमकुंडाचे सरोवर ४,३०० मीटरच्याही वर. घांघरियाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ७० टक्के उरतो, हेमकुंडाला ६० टक्क्यांच्या आसपास, आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर याची भरपाई करते, श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचा तोल नव्याने सावरतात, परंतु या सगळ्याला काही दिवस जावे लागतात. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा गिर्यारोहकांच्या वैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. जोशीमठाहून घांघरियाला जाताना आपण एकाच दिवसात झोपण्याची जागा जवळजवळ १,२०० मीटरने वर नेणार आहात. अशा रात्रीनंतर उजाडताच आणखी सुमारे १,३०० मीटर, तेही अवघ्या सहा किलोमीटरांत, चढून जाणे म्हणजे शरीराला सावरायला अजिबात अवधी न देणे होय. पहिल्या दिवशी पाय ताजे असतात हे मुलीचे म्हणणे खरेच आहे. मात्र या चढावर माणूस पायांमुळे क्वचित अडतो, बहुतेक वेळा डोकेदुखीने आणि मळमळीने अडतो.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हीही हाच क्रम धरला होता. माझी थोरली बहीण हेमकुंडाच्या शेवटच्या चढावर डोके धरून बसली, तरीही "एवढे आले आहे तर दर्शन घेतेच" म्हणून वर गेली, आणि आम्ही कोणीही तिला मागे फिरवले नाही. खाली घांघरियाला परतल्यावर रात्रभर तिला उलट्या होत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते, दरीचे प्रवेशद्वार आमच्या खोलीपासून चालत काही मिनिटांवर होते, आणि ती खोलीत पडून होती. जिच्या हौशीने आम्ही सगळे निघालो होतो तिने दरी पाहिलीच नाही, आणि पुढे गुडघ्यांमुळे तिला पुन्हा जाता आले नाही. आपल्या घरातील कोणाच्या बाबतीत असे होऊ नये, एवढ्यासाठी मी क्रमाचा इतका आग्रह धरते आहे. दरीत गेल्याने दिवसा आपण घांघरियाहून चारपाचशे मीटर वर जाल आणि झोपायला पुन्हा खाली याल. उंचीची सवय होण्यासाठी याहून चांगला दिवस नाही. त्यानंतर दुसऱ्या सकाळी चौघांपैकी कोणाचेही डोके दुखत नसेल, तरच हेमकुंडाचा विचार करावा.

आता दिवसांचे गणित. इंदूरहून हरिद्वारकडे थेट रेल्वेगाडी आहे, परंतु ती रोज नसते आणि प्रवासात जवळजवळ एक अख्खा दिवस जातो. येताजाता तीच धरली तर आपल्या रजेतील दोन दिवस रुळांवरच संपतील. सहा दिवसांची रजा सोमवार ते शनिवार घ्या, दोन्ही बाजूंचे रविवार जोडा, म्हणजे आठ दिवस हाताशी येतील, आणि दोन्ही वेळा दिल्लीपर्यंत विमान घ्या. पहिल्या रविवारी दिल्लीमार्गे हरिद्वार गाठावे. मुलगीही पुण्याहून दिल्लीलाच येऊन आपल्याला मिळू शकेल. सोमवारी पहाटे पाचच्या आत निघून जोशीमठ गाठावे. हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असले तरी पावसाळ्यात त्याला दहा तास सहज लागतात, आणि अंधार पडल्यावर डोंगरी रस्त्यावरची वाहतूक थांबवली जाते. मंगळवारी गोविंदघाट, तिथून जीपने चार किलोमीटरवरचे पुलना, आणि पुढे सुमारे दहा किलोमीटर पायी घांघरिया. बुधवार दरीसाठी. इथून दोन वाटा फुटतात. रजेचा एक दिवस वाढवून मिळाला, तर गुरुवारी हेमकुंड, शुक्रवारी उतरून जोशीमठ, शनिवारी हरिद्वार, रविवार मोकळा आणि सोमवारी घर. तो दिवस मिळाला नाही, तर गुरुवारीच उतरावे, शुक्रवारी हरिद्वारला पोचावे, शनिवार मोकळा ठेवावा आणि रविवारी घरी यावे.

दोन्ही बेतांत एक दिवस मोकळा ठेवला आहे याकडे आपले लक्ष गेले असेल. मुलीला तो वाया गेलेला वाटेल, तेव्हा तिला हे आवर्जून सांगा. ऑगस्टमध्ये बद्रीनाथच्या महामार्गावर दरड कोसळणे ही नेहमीची गोष्ट आहे. श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मधला सिरोबगडचा टप्पा त्यासाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे. रस्ता दोन तासांत मोकळा होतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. २०१३ सालच्या जूनमधील पुरात तर गोविंदघाटाचा मोठा भाग आणि घांघरियाची जुनी वाट वाहून गेली होती. परतीच्या विमानाची वेळ डोक्यावर असली की माणसे चालकाला रात्री गाडी हाकायला लावतात, पडत्या दगडांखालून पायी पलीकडे जातात. मोकळा दिवस असला की अशी पाळी येत नाही, आणि दरड पडलीच नाही तर हरिद्वारला गंगेकाठी एक शांत दिवस मिळतो.

यजमानांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या पत्रातील खरी काळजी तीच आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून या उंचीवर जाण्यास मनाई होत नाही. उंचीवर रक्तदाब काहीसा वाढू शकतो, म्हणून निघण्याच्या किमान महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे, ३,००० आणि ४,३०० मीटर हे दोन्ही आकडे त्यांना स्पष्ट सांगावेत आणि हृदयाची तपासणी आवश्यक आहे का, हे त्यांनाच ठरवू द्यावे. गोळ्या दोन ठिकाणी विभागून न्याव्यात, म्हणजे एक पिशवी भिजली किंवा मागे राहिली तरी खंड पडणार नाही. आणि तिथे बरे वाटते म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

रोजचे सहा किलोमीटर ही चांगली सवय आहे, मात्र रिजनल पार्कची वाट सपाट आहे. गोविंदघाटापासून घांघरियापर्यंतचा चढ एका मजल्याला तीन मीटर धरले तर चारशे मजल्यांएवढा भरतो. त्यातला थोडा भाग पुलन्यापर्यंतची जीप वाचवते, बाकीचा पायांनीच चढायचा असतो. आतापासून आठवड्यातून तीन दिवस जिन्याची चढउतार सुरू करावी, पाठीवर तीन-चार किलोंची पिशवी घ्यावी, आणि एका रविवारी रालामंडलची टेकडी तर दुसऱ्या रविवारी महूजवळचा जानापाव पायी चढावा. जानापाव जेमतेम साडेआठशे मीटर उंच आहे, त्यामुळे विरळ हवेचा सराव तिथे होणार नाही; पावसात, ओल्या दगडांवर, पायांना आणि बुटांना जो सराव हवा तो मात्र पुरेपूर होईल. उतरण्याचा सराव तितकाच करावा, कारण परतीच्या दिवशी गुडघ्यांवर येणारा भार चढापेक्षा जास्त असतो. चौघांनीही हातात काठी घ्यावी.

घांघरियापर्यंत आणि हेमकुंडाच्या वाटेवर खेचर मिळते, पाठीवरून माणूस वाहून नेणारे कंडीवालेही मिळतात, आणि गोविंदघाटाहून घांघरियाला हेलिकॉप्टरही जाते. दम लागत असेल तर घांघरियापर्यंत खेचर घेण्यात काहीच वाईट नाही. हेमकुंडासाठी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : खेचरावर बसल्याने पायांचे श्रम वाचतात, उंची तीच राहते, आणि उलट ती अधिक झपाट्याने गाठली जाते. बरे वाटत नसलेल्या माणसाला खेचरावर बसवून वर नेणे ही त्या वाटेवरची फार सर्रास आणि फार धोक्याची चूक आहे. दरीच्या आत खेचरांना प्रवेश नाही.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, सगळ्यांनी सरसकट घ्यावी असे मी म्हणणार नाही. हे औषध श्वासाला चालना देऊन उंचीची सवय लवकर होण्यास मदत करते आणि सहसा चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतले जाते. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडांचा विकार असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध आधीच चालू असेल, तर विचार बदलतो, आणि यजमानांची गोळी कोणत्या प्रकारची आहे हे डॉक्टरांनाच ठाऊक आहे. भाच्याच्या बाबतीतही मात्रा डॉक्टरांनीच ठरवली पाहिजे. डॉक्टरांनी घ्यायला सांगितलीच, तर एक-दोन मात्रा इंदूरला असतानाच घेऊन पाहाव्यात. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला होणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, आणि ते आधी माहीत असले म्हणजे डोंगरात घाबरायला होत नाही. गोळी घेतली म्हणून चुकीचा क्रम बरोबर ठरत नाही, एवढे मात्र शेजाऱ्यांना अवश्य सांगावे.

घांघरियाला पोचल्यावर सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला साधे प्रश्न विचारा : डोके दुखते का, मळमळते का, जेवण जाते का, झोप लागली का. १३ वर्षांची मुले सहल बुडेल या भीतीने दुखणे लपवतात, म्हणून भाच्याला हे प्रश्न एकांतात विचारा. डोकेदुखीबरोबर यांपैकी आणखी काही असेल, तर त्या दिवशी वर जायचे नाही, विश्रांती घ्यायची. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, बोलण्यात गोंधळ, किंवा एका सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालताना तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर उजाडण्याची वाट न पाहता, घांघरियातील आरोग्य केंद्राची आणि स्थानिक लोकांची मदत घेऊन, त्या माणसाला खाली न्यावे. अशा वेळी खाली उतरणे हाच मुख्य उपचार असतो. हा निर्णय कोणाचा, हे घरूनच ठरवून निघा, आणि माझ्या मते तो आपला असावा, कारण चौघांत काळजी आपल्यालाच वाटते आहे.

आता आठवड्याविषयी. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते. जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे असतात आणि फुले थोडी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहर सर्वाधिक आणि पाऊसही सर्वाधिक. सप्टेंबरच्या मध्यानंतर दरी पिवळी-तपकिरी होऊ लागते. गणपतीची तारीख आड येत नसेल तर मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडेन : पावसाचा जोर तेव्हा हळूहळू उतरू लागतो आणि फुले अजून पुष्कळ असतात. त्या वर्षी गणपती ऑगस्टअखेरीसच असतील, तर महिन्याचा पहिला आठवडा धरून एक दिवस पावसात जाईल असे गृहीत धरावे. १५ ऑगस्टला जोडून येणारी सलग सुट्टी मात्र टाळावी, कारण त्या दिवसांत घांघरियाच्या मोजक्या खोल्यांवर फार ताण येतो.

कासच्या पठारावर आपण गेला असाल तर दरीत तसाच गालिचा शोधू नका. कासची फुले घोट्याएवढी, इथली कमरेएवढी आणि कित्येकदा डोक्याएवढी वाढतात. गौरीच्या पूजेत आपण जो तेरडा आणतो, त्याचा हिमालयातील गुलाबी सोयरा इथे माणसाच्या उंचीने वाटेच्या दोन्ही अंगांना उभा असतो. सकाळी सातच्या सुमारास आत सोडू लागतात, दुपारनंतर प्रवेश बंद होतो आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावे लागते. आत मुक्कामाला परवानगी नाही आणि खाण्याचे दुकानही नाही. म्हणून पहाटे न्याहारी करून, दुपारचे डबे घेऊन, पहिल्या घोळक्याबरोबरच आत जावे. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडल्यावर सुमारे तीन किलोमीटर उभा चढ आहे, भूर्जवृक्षांच्या सावलीतून जाणारा. त्यानंतर दरी उघडते आणि वाट बरीचशी सपाट होते. बहुसंख्य लोक त्या उघडण्याच्या जागी छायाचित्रे काढून परत फिरतात. आपण पुढे जा. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती १९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतताना पावसात ज्या दरीत उतरले, तिचा विस्तार तिथून पुढे गेल्यावरच कळतो. जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासिकेची समाधी हे आपले परतीचे ठिकाण ठरवावे. १९३९ मध्ये फुले गोळा करताना उतारावरून घसरून तिचा याच दरीत मृत्यू झाला. भाच्याला ही हकीकत तिथेच उभी राहून सांगा, म्हणजे ओल्या गवतावर वाट सोडून का जायचे नाही, हे वेगळे समजवावे लागणार नाही.

कपड्यांबाबत एवढेच : जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवावेत, कारण भिजलेले सूत तिकडे दिवसभर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर, चांगला रेनकोट, महिनाभर वापरून मऊ झालेले बूट, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, एवढे प्रत्येकाकडे हवे. इंदूरकर प्रवासात शेव-मिक्स्चर विसरणार नाहीत हे मला ठाऊक आहे. त्याबरोबर राजगिऱ्याचे लाडू आणि गूळ-शेंगदाणे घ्या, कारण उंचीवर तळलेले नकोसे होते आणि गोड खाल्ले जाते. रोख पैसे पुरेसे न्यावेत. हेमकुंड ठरलेच तर उत्तराखंड पर्यटन विभागाकडील यात्रा-नोंदणी निघण्यापूर्वी करून ठेवावी, आणि दुपारी दोनच्या सुमारास तिथून सर्वांना खाली पाठवतात हे लक्षात घेऊन सकाळी लवकर निघावे; वर मुक्कामाची सोय नाही.

राहिली सासूबाईंची मागणी. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणारे जे ब्रह्मकमळ असते ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेले निवडुंगाच्या कुळातील झाड आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ निराळे, सूर्यफुलाच्या कुळातील. त्याची जांभळी फुले फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ वेष्टनात झाकलेली असतात. ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे, आणि दरीपेक्षा हेमकुंडाच्या परिसरातील खडकांमध्ये, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ते पाहायला मिळते. राष्ट्रीय उद्यानातून फूल तोडणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि हेमकुंडाच्या वाटेवरही कोणी विकत देऊ केले तरी घेऊ नये, कारण अतिरिक्त तोडणीमुळेच ते त्या वाटेलगत विरळ होत गेले आहे. हेमकुंडाला गेलात आणि ते दिसले, तर मुलीकडून त्याचे एक नीट छायाचित्र काढून घ्या, आणि त्याची मोठी प्रत गणपतीच्या मखराशेजारी सासूबाईंना रोज दिसेल अशी लावा. हेमकुंड राहून गेले, तर दरीतल्या त्या उंच तेरड्याचे छायाचित्र आणा. गौरी येतील तेव्हा ते त्यांच्याजवळ ठेवता येईल.